क्रोमा नेमका निघतो कसा आणि अडतो कुठे

लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी बर्फाच्या डोंगरात फिरतात. नवरात्राच्या तोंडावर येणाऱ्या देवीच्या गाण्यांत गायकामागे मंदिराचं शिखर उभं राहतं. जिल्ह्याच्या यूट्यूब बातम्यांत निवेदकामागे भलामोठा स्टुडिओ दिसतो. प्रत्यक्षात ही माणसं लातूर, परभणी नाहीतर अंबाजोगाईच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत हिरव्या कापडापुढे उभी असतात. शूटिंगवाल्यांच्या तोंडी या कापडाला आणि त्या सगळ्या कामालाच क्रोमा म्हणतात.

कापड आता कुठेही मिळतं, क्रोमा काढणारी ॲप फोनमध्येच असतात. तरीही केसांभोवती हिरवी कड, खांद्यामागे धुरकट डाग आणि पायाखाली जमीनच नाही, असे व्हिडिओ सर्रास दिसतात. मग दोष सॉफ्टवेअरवर जातो, महागातलं सॉफ्टवेअर घेतलं जातं आणि डाग तिथेच राहतात. कारण क्रोमा बिघडतो तो शूटिंगच्या वेळी, कापडावर प्रकाश टाकताना. एडिटिंगला बसल्यावर ते फक्त उघडं पडतं.

असं का होतं, हे कळायला सॉफ्टवेअर आत काय हिशेब करतं तो एकदा आकड्यांत पाहिला पाहिजे. हिशेब चौथीच्या पोरालाही जमेल असा आहे.

सगळा खेळ वजाबाकीचा

व्हिडिओतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. नीट प्रकाश पडलेल्या हिरव्या कापडाचा एक ठिपका घेऊ: लाल ६०, हिरवा १९०, निळा ७०. सॉफ्टवेअर हिरव्या आकड्यातून उरलेल्या दोनपैकी मोठा आकडा वजा करतं. १९० वजा ७०, उरले १२०. हा १२० म्हणजे पूर्ण पडदा, म्हणजेच शंभर टक्के काढून टाकायचा ठिपका.

आता गालाचा ठिपका: लाल २००, हिरवा १५०, निळा १२५. १५० वजा २०० म्हणजे उणे ५०. उणे आलं की शून्य धरायचं. शून्य म्हणजे इथे पडदा नाही, माणूस आहे, हात लावायचा नाही. माणूस गोरा असो की उन्हात रापलेला, त्वचेत लाल हा हिरव्यापेक्षा नेहमीच जास्त असतो. म्हणून हिरवा पडदा कातडीला इजा न करता निघतो.

खरी परीक्षा केसांची. एक केस कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यापेक्षाही बारीक असू शकतो, त्यामुळे त्या ठिपक्यात अर्धा केस आणि अर्धा पडदा असं मिसळलेलं असतं. केसाचा रंग लाल ४०, हिरवा ३०, निळा २५ धरा. पडद्यासोबत अर्धा-अर्धा मिसळला की ठिपका होतो लाल ५०, हिरवा ११०, निळा ४८. वजाबाकी केली: ११० वजा ५०, उरले ६०. १२० च्या बरोबर निम्मे. म्हणजे सॉफ्टवेअरला कळलं की हा ठिपका अर्धा पारदर्शक आहे. मग ते त्या ठिपक्यातून पडद्याचा अर्धा वाटा, म्हणजे ३०, ९५ आणि ३५, वजा करतं. उरतात २०, १५ आणि १३, म्हणजे निव्वळ अर्धा केस. त्यात मागच्या नव्या चित्राचा अर्धा वाटा मिळवला की केस आकाशावर खराखुरा उडताना दिसतो. चांगला क्रोमा कात्रीनं कापत नाही. तो प्रत्येक ठिपक्यात पडदा किती आणि माणूस किती हे मोजतो.

याच हिशेबात आता वाईट प्रकाश घालून बघा. कापडाच्या कोपऱ्यात उजेड कमी पडला आणि तिथला ठिपका लाल २५, हिरवा ७५, निळा ३० असा आला. डोळ्यांना तो हिरवाच दिसतो. पण ७५ वजा ३० म्हणजे ४५. १२० च्या मानानं हे अवघे ३७ टक्के. म्हणजे तिथला ६३ टक्के पडदा जागेवरच राहिला, आणि खांद्यामागचा धुरकट डाग म्हणजे हाच.

उलट बाजूनं, कापडाच्या मधोमध लाईट जास्त पडला आणि ठिपका लाल २१५, हिरवा २५५, निळा २२० झाला. हिरव्याला २५५ च्या वर जागाच नाही, लाल-निळे मात्र वर चढत राहिले. वजाबाकी फक्त ३५. जास्त उजेड म्हणजे चांगला क्रोमा ही समजूत इथे कोसळते. हवा तो हिरवा आणि बाकी दोघांतला फरक, आणि तो कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा.

हा रंगफरकाचा हिशेब कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याची युक्ती रंगीत चित्रपटात आणली. पण तेव्हा केस, धूर, काच यांच्या कडांवर निळी रेघ राहायची. पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या 'बेन-हर'साठी रंगांच्या फरकावर चालणारी पद्धत फिल्मवर, प्रिंटिंग मशिनमध्ये बसवली आणि कडा सुटल्या. आजची जवळजवळ सगळी क्रोमा सॉफ्टवेअर त्याच विचारावर उभी आहेत.

हिरवाच का, आणि हिरवा कधी नको

फिल्मच्या काळात निळा पडदा जास्त चाले. डिजिटल कॅमेरा आला आणि हिरवा पुढे गेला, त्याला कारण सेन्सरची बांधणी. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी मांडणी असते. एचडी व्हिडिओत उजेडाचा जो हिशेब होतो, त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे हिरव्याची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते, चित्रात दाणे (नॉइज) कमी येतात आणि कापड उजळायला लाईट कमी लागतो.

पण आपल्याकडे एक मोठी अडचण आहे: नवरीचा हिरवा चुडा. काचेच्या हिरव्या बांगडीचा ठिपका साधारण लाल २०, हिरवा १३०, निळा ५० असा येतो. फरक ८०, म्हणजे दोन-तृतीयांश बांगडी गायब आणि मनगटातून मागचा डोंगर दिसतो. पोपटी साडी निम्मी उडते. बाटली-हिरव्या शालूचा फरक २० च्या आसपास असतो, तो थोडी सेटिंग करून वाचवता येतो. पैठणीच्या पदरावरचे पोपट, ओटी भरतानाचा हिरवा खण, देवीला नेसवलेली हिरवी साडी, हे सगळं हिरव्या पडद्यापुढे धोक्यात येतं. नवरीचं किंवा देवीच्या गाण्याचं शूट असेल, तर निळं कापड वापरा आणि लाईट थोडा जास्त धरा.

उलट भीमजयंतीच्या गाण्यांचं शूट असेल, तर निळे फेटे, निळे झेंडे, निळे उपरणे असणारच. तिथे हिरवाच पडदा हवा. म्हणून शूटच्या आदल्या दिवशी फोन करून कोण काय घालणार हे विचारणं, जमल्यास कपड्यांचे फोटो मागवणं, हे क्रोमाच्या कामातलं पहिलं पाऊल आहे. मंडळी नटूनथटून आल्यावर साडी बदला म्हणणं कुणालाच जमत नाही.

पांढऱ्या कपड्याचीही काळजी लागते. धोतर, टोपी, पांढरा सदरा क्रोमात उडत नाहीत, पण कापडावरून परतणारा हिरवा उजेड ते सगळ्यात जास्त टिपतात. नथ, ठुशी, कंबरपट्टा यांची चकाकी आरशासारखी असते आणि त्यांत पडद्याचं हिरवं प्रतिबिंब पडतं. दागिना थोडा फिरवून किंवा पडदा लांब नेऊनच ते जातं.

कापड

साटन घेऊ नका. मंडपवाल्याकडचं चमकदार हिरवं कापड फुकट मिळालं तरी नको. चमकणाऱ्या कापडावर लाईटचा पांढरा पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्यात हिरवा उरतच नाही. जाड, सुती, बिनचमकीचं कापड घ्या, आणि शक्यतो मोठ्या पन्ह्याचं. लहान पन्ह्याचे दोन तुकडे शिवले की शिवणीची सावली प्रत्येक फ्रेममध्ये रेघ होऊन येते. दुकानात कापड डोळ्यांपुढे धरून उजेडाकडे बघा. पलीकडचा बल्ब दिसला, तर कापड पातळ आहे, मागची भिंत त्यातून डोकावेल.

छातीपर्यंतच्या शॉटला सहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच कापड पुरतं. पूर्ण उभा माणूस हवा असेल, तर दहा फूट रुंदी आणि भिंतीवरून खाली येऊन जमिनीवर आणखी आठ-दहा फूट पसरेल इतकी लांबी लागते. भिंत आणि जमीन जिथे मिळते, तिथे कापड काटकोनात दाबायचं नाही. गोलाईनं खाली सोडायचं, म्हणजे कोपऱ्याची काळी रेघ येत नाही. सुरकुत्या इस्त्रीनं काढायच्या, मग वर-खाली पाईप घालून आणि बाजूंना क्लिपा लावून कापड ताणायचं. घडी घालून ठेवलेल्या कापडाच्या घड्या शूटमध्ये हमखास दिसतात, म्हणून ते पाईपवर गुंडाळून ठेवावं.

कायमची खोली असेल, तर कापडापेक्षा रंग बरा. भिंत घासून, लांबी (पुट्टी) भरून, बिनचमकीचा डिस्टेंपर द्या. ऑइल पेंट मुळीच नको.

लाईट, म्हणजे खरं काम

नियम एकच, पण तो मोडला जातो म्हणूनच सगळं बिघडतं: पडद्याचा लाईट वेगळा, माणसाचा लाईट वेगळा. एकाच लाईटमध्ये दोन्ही उजळायला गेलं की माणसाची सावली कापडावर पडते, आणि सावली म्हणजे तोच ३७ टक्क्यांचा कोपरा.

माणूस कापडापासून किमान सहा फूट, जमलं तर आठ ते दहा फूट पुढे उभा करा. एवढं अंतर ठेवलं की सावली कापडाऐवजी जमिनीवर पडते आणि कापडावरून परतणारा हिरवा उजेड माणसापर्यंत येईस्तोवर क्षीण होतो. उन्हात लाल छत्री धरली की चेहरा तांबूस दिसतो ना, हिरव्या कापडाजवळ उभं राहिलं की अगदी तसंच होतं. कान, मानेची कड, दंडाची बाजू हिरवट होतात. यालाच स्पिल म्हणतात. स्पिल कमी करायला आणखी एक सोपा उपाय आहे, तो फार कमी जण करतात: फ्रेमला लागेल तेवढंच हिरवं उघडं ठेवायचं, बाजूचं उरलेलं कापड गुंडाळायचं किंवा काळ्या कापडानं झाकायचं. फ्रेमच्या बाहेरचं कापडही हिरवा उजेड फेकतच असतं.

पडद्यासाठी दोन लाईट घ्या, डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही पडद्याला ४५ अंशांत. प्रत्येक लाईटचं तोंड आपल्या जवळच्या कडेकडे न ठेवता पलीकडच्या अर्ध्या भागाकडे फिरवा. कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. लाईटपासून कापडाची जवळची कड तीन फुटांवर आणि लांबची नऊ फुटांवर असेल, तर दोन्ही कडांच्या उजेडात नऊ पटींचा फरक पडू शकतो. लाईट मागे घेतले की हा फरक आपोआप घटतो. पुढे बटर पेपर लावायचा, पण एलईडी सोडून हॅलोजन असेल तर कागद लाईटपासून हातभर लांब चौकटीवर ताणायचा, चिकटवायचा नाही. तो पेटतो.

कापड सारखं उजळलं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. डोळा फरक भरून काढतो. डीएसएलआर असेल तर स्पॉट मीटरिंगवर, म्हणजे एका छोट्या जागेचाच उजेड मोजण्यावर, ठेवून चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी मोजा. अर्ध्या स्टॉपच्या आत सगळं असायला हवं, म्हणजे शटरच्या चाकाच्या एका टिचकीपेक्षा जास्त फरक नको. मीटर नसेल तर फोनवर कृष्णधवल फिल्टर लावा आणि एक्स्पोजर खाली ओढत जा. कापड पूर्ण काळं होण्याच्या थोडं आधी उजळ गोल आणि काळे कोपरे लख्ख दिसतात. ते लाईट सरकवून मोडत जायचं. हे काम करताना माणूस फ्रेममध्ये नको.

पडद्याचा उजेड चेहऱ्याइतका किंवा किंचित कमी ठेवा. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा ० ते १०० मधला आलेख, दाखवणारा मॉनिटर असेल, तर कापडाची रेघ ५० च्या आसपास आडवी, बारीक आणि सपाट दिसली पाहिजे. जाड पट्टा दिसला तर उजेड असमान आहे.

माणसाचा लाईट मागच्या चित्राप्रमाणे ठरतो, त्याकडे पुढे येऊच. पाठीमागून केसांवर आणि खांद्यांवर एक हलका लाईट मात्र जवळपास प्रत्येक वेळी हवा. तो कडा उजळतो, हिरवट झाक पुसतो आणि काळे केस अंधारात मिसळू देत नाही. चेहऱ्याची दुसरी बाजू उचलायला थर्माकोल पुरतो.

जागेचा हिशेब इथे आड येतो. खोली बारा फूट खोल असेल आणि माणूस कापडापासून सहा फुटांवर असेल, तर कॅमेऱ्याला सहाच फूट उरतात. त्यात कमरेच्या वरचाच शॉट मिळतो. पूर्ण शॉटसाठी तीस-पस्तीस फूट खोली लागते. मुहूर्त नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयाचा हॉल हा आपल्या भागात सगळ्यात सोयीचा पर्याय आहे. जुन्या वाड्याची ओसरी छान वाटते, पण एक बाजू उघडी असल्यानं उजेड तासातासाला बदलतो आणि सकाळचा शॉट दुपारच्या शॉटला जुळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये भोकांतून उन्हाचे कवडसे कापडावर पडतात. आधी ती भोकं बुजवा.

बाहेरच शूट करायचं असेल, तर थेट ऊन टाळा. मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि कापडाचा वरचा भाग जळतो. मोठ्या इमारतीच्या सावलीत कापड लावा. तिथे आभाळाचा उजेड सारखा मिळतो. वारा सुटला की कापड हलतं, लाटांबरोबर सावल्याही हलतात. चारही बाजूंनी न ताणता बाहेर क्रोमा लावूच नये.

विजेचीही एक गोष्ट. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज घसरतं. हॅलोजन मंद आणि पिवळा पडतो, आणि एका शॉटमध्ये बसवलेली सेटिंग पुढच्या शॉटला लागू होत नाही. चांगला ड्रायव्हर असलेला एलईडी अशा वेळी बहुतेक स्थिर राहतो.

कॅमेरा

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, आणि क्रोमात ते धुराच्या लाटा होऊन येतात. २५ फ्रेमला १/५० नेहमीचं. नाच असेल, हात वेगानं हलणार असतील, तर १/१०० घ्या, हाताची पुसट कड आखूड होते.

एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. ऑटोवर ठेवलं, की गायकानं पांढरा रुमाल उडवल्याबरोबर कॅमेरा पूर्ण चित्र काळवंडून टाकतो आणि कापडाचे आकडे बदलतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड वाढवून घेण्याची सेटिंग, कमीत कमी ठेवा. दाणे म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा आकडा थरथरणं, आणि आकडा थरथरला की कडा उकळल्यासारख्या दिसतात. शार्पनेस उणेकडे न्या. फोनचा ब्यूटी मोड आणि मागचं धूसर करणारा मोड बंद. तो कडा स्वतःच्या अंदाजानं कापतो आणि केस खाऊन टाकतो.

फोन आणि साधे कॅमेरे व्हिडिओ लहान करण्यासाठी रंगाची माहिती चौथ्या हिश्श्यावर आणतात. चार ठिपक्यांना उजेडाचे चार वेगळे आकडे, पण रंग एकच. म्हणजे कडेला रंग दोन-दोन ठिपक्यांच्या ठोकळ्यांत येतो आणि आपला हिशेब तर रंगावरच चालतो. यावर फुकटचा उपाय आहे: ४के मध्ये शूट करा आणि अंतिम व्हिडिओ १०८० मध्ये काढा. ४के चे चार ठिपके मिळून १०८० चा एक ठिपका होतो, आणि त्या प्रत्येकाला स्वतःचा रंग मिळतो. कडांत पडणारा फरक लगेच दिसतो.

कॅमेरा ट्रायपॉडवरच ठेवा. हलता शॉट हवाच असेल, तर पडद्यावर थोड्या गडद हिरव्या टेपच्या फुल्या माराव्या लागतात, म्हणजे मागचं चित्र त्याच चालीनं हलवता येतं. लहान कामात ती उठाठेव परवडत नाही.

मागचं चित्र आधी, माणूस नंतर

पुष्कळ जण माणसाचं शूट उरकतात आणि मग इंटरनेटवर पार्श्वभूमी शोधतात. उलट करायला हवं. मागचं चित्र, म्हणजे प्लेट, आधी हातात असली पाहिजे, कारण माणसाचा लाईट आणि कॅमेऱ्याची उंची तीच ठरवते.

वेरूळच्या कैलास मंदिराचं उदाहरण घ्या. ती लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन येतं ते दुपारनंतर. दुपारी चारची प्लेट घेतली आणि सूर्य कॅमेऱ्याच्या उजव्या खांद्यावरून येत असेल, तर हॉलमध्येही मुख्य लाईट त्याच उंचीवर, त्याच बाजूनं आणि तसाच किंचित पिवळा हवा. सावलीची धारही तशीच. मागे कडक उन्हाची प्लेट आणि पुढे बटर पेपरमधून आलेला मऊ चेहरा, हे जुळलेलं नाही हे कुणालाही कळतं, कारण सांगता आलं नाही तरी. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा ही पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातली स्थळं आहेत. व्यावसायिक शूटिंगला आधी परवानगी लागते, ती प्लेटसाठीही लागते.

प्लेट घेताना वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, लेन्स, कॅमेरा किती वर-खाली झुकवला होता, आणि सूर्याची दिशा व वेळ. माणसाचं शूट करताना हे चारही तसेच ठेवायचे. उंचीसाठी एक पक्का ताळा आहे. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ प्रत्येक उभ्या माणसाला कॅमेऱ्याच्याच उंचीवर छेदते. प्लेट साडेचार फुटांवरून घेतली असेल, तर साडेपाच फुटी माणसाच्या छाती-खांद्याजवळून क्षितिज गेलं पाहिजे. ते गुडघ्यावरून गेलं तर माणूस राक्षस वाटतो, डोक्यावरून गेलं तर खड्ड्यात उभा वाटतो.

पाय हा क्रोमाचा सगळ्यात दुबळा भाग. जमिनीवर टेकलेल्या पावलाखाली गडद, बारीक सावली असते. ती नसली की माणूस तरंगतो. सरळ मार्ग म्हणजे गुडघ्यापर्यंतच फ्रेम ठेवणं. पाय दाखवायचेच असतील, तर प्लेटमधल्यासारखी जमीन खाली पसरा. शेताची प्लेट असेल तर दोन घमेली काळी माती हिरव्या कापडावर टाकून पावलं त्यात उभी करा. मग सावली खरीच मिळते आणि मातीची कड प्लेटमध्ये मिसळून देता येते.

एडिटिंग

दाविंची रिझॉल्व्ह, आफ्टर इफेक्ट्स किंवा फोनवरचं काइनमास्टर, क्रम सारखाच. आधी माणसाभोवती ढोबळ चौकट आखून बाहेरचे स्टँड, लाईट, कापडाच्या कडा कापून टाका. सॉफ्टवेअरला जितकं कमी कापड काढावं लागेल तितकं बरं. रंग निवडताना कोपऱ्यातला नको, माणसाच्या केसांजवळचा हिरवा निवडा. तिथलाच हिशेब नाजूक असतो.

त्यानंतर रंगीत चित्र बघायचं नाही. मॅटचं, म्हणजे काय राहणार आणि काय निघणार ते दाखवणारं, काळं-पांढरं दृश्य सुरू करा. पडदा निखळ काळा, माणूस निखळ पांढरा आणि केसांची टोकं राखाडी दिसली पाहिजेत. पडद्यात राखाडी डाग असतील तर काळ्याची मर्यादा थोडी वर आणा, माणसात भोकं असतील तर पांढऱ्याची खाली. दोन्ही अतिरेकानं ओढल्या की राखाडी संपते, केस जातात आणि डोक्यावर टोप घातल्यासारखी धार उरते. एकाच सेटिंगमध्ये सगळं साधत नसेल, तर दोन थर करा: एक कडक, जो फक्त शरीराचा आतला भाग भरतो, आणि एक मऊ, जो कडा आणि केस सांभाळतो.

मग स्पिल. डीस्पिल म्हणजे हिरवा आकडा एका मर्यादेवर कापणं. ही मर्यादा दोन प्रकारची असते आणि आपल्या कामात हा फरक महत्त्वाचा ठरतो. सौम्य पद्धतीत हिरवा हा लाल-निळ्यांतल्या मोठ्या आकड्यापर्यंत ठेवतात. कडक पद्धतीत तो दोघांच्या सरासरीवर आणतात. सोन्याचा ठिपका घ्या: लाल २१०, हिरवा १७०, निळा ६०. सौम्य पद्धतीत त्याला धक्का लागत नाही. कडक पद्धतीत सरासरी १३५, हिरवा १७० वरून १३५ वर येतो आणि सोन्याचं तांबं होतं. हळदीचा कार्यक्रम, भंडारा, झेंडूचे हार, जरीचे काठ, सगळं असंच नारिंगी पडतं. पिवळं जास्त असेल तिथे सौम्य डीस्पिल पूर्ण चित्राला लावा, आणि कडक हवाच असेल तर फक्त कडांपुरता, मास्क करून.

शेवटी माणूस प्लेटमध्ये बसवायचा. दोन्हीतला सर्वांत काळा भाग एकमेकांशेजारी ठेवून जुळवा. लांबच्या डोंगराच्या प्लेटमध्ये हवेतल्या धुळीनं काळा फिकट झालेला असतो, पण माणूस कॅमेऱ्याजवळ आहे, त्याचा काळा गडदच राहिला पाहिजे. प्लेट किंचित धूसर करा, कारण चेहऱ्यावर फोकस असताना मागचं खऱ्या कॅमेऱ्यातही धूसरच येतं. मागे लख्ख आभाळ असेल, तर त्याचा उजेड खांद्याच्या कडेवर हलकासा ओघळू द्या, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याला लाईट रॅप म्हणतात. फोटोची प्लेट असेल तर ती अगदी गुळगुळीत दिसते, तिच्यावर थोडे दाणे घाला.

क्रोमा काढलेला माणूस दुसऱ्याला पाठवायचा असेल, तर एमपी४ मधली नेहमीची एच.२६४ फाईल चालत नाही. तिच्यात पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही, पलीकडे ती काळ्या पार्श्वभूमीसह उघडते. त्यासाठी प्रोरेस ४४४४ या फॉरमॅटमध्ये अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, चालू करून फाईल काढा. ती आकारानं बरीच मोठी होते, म्हणून लागेल तेवढाच तुकडा काढा, आणि मूळ हिरवं फुटेज काम पोहोचतं होईपर्यंत पुसू नका.